तारे, बदल्या आणि सतरा वर्षांची मुले : अमेरिकेतले कॉलेज बास्केटबॉल समजून घेताना



एप्रिलमधला रविवार होता. मी संकलित चाचणीचे पेपर तपासत बसले होते आणि अमेरिकेतल्या मावसभावाचा व्हिडिओ कॉल आला. तो नॉर्थ कॅरोलायनात कॅरी नावाच्या शहरात राहतो. बोलता बोलता मागून त्याचा तेरा वर्षांचा मुलगा ओरडला, "बाबा, तो पोर्टलमध्ये गेला!" आवाज असा की मला वाटलं कुणाचं काही बरंवाईट झालं. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शिक्षकाने 'पोर्टल' आणि 'बदली' हे दोन शब्द एकत्र ऐकले की पोटात गोळा येतोच. म्हटलं, तिकडेही ऑनलाईन बदल्या सुरू झाल्या की काय!

झाल्यात. पण शिक्षकांच्या नाहीत, कॉलेजात बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलांच्या.

त्यानंतरचे तीन-चार रविवार भाच्याने माझी शिकवणी घेतली. ("आत्या, तू नोट्स काढतेयस का?" काढत होते.) खेळाचा विषय असला तरी त्यात शाळा, प्रवेश, पालकांची धडपड, मुलांची तुलना असं आपल्या ओळखीचं इतकं निघालं की तुम्हालाही सांगावंसं वाटलं.

कॉलेजच्या खेळाचं एवढं वेड का?

आपल्याला आधी हेच कळत नाही. आपण आयपीएल बघतो, कुठल्या कॉलेजचा क्रिकेट संघ कसा आहे हे कोण विचारतो? अमेरिकेत खेळाडू घडतो तो मुख्यतः शाळेत आणि कॉलेजात. बास्केटबॉलचा तर जन्मच शिक्षकाच्या हातून झाला. डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफिल्डला जेम्स नायस्मिथ या तीस वर्षांच्या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाला हिवाळ्यात बंद हॉलमध्ये मुलांना गुंतवून ठेवायचं होतं. त्याने पीच फळांच्या दोन टोपल्या कठड्याला ठोकल्या आणि १३ नियम लिहून काढले. पुढे तो कॅन्सस विद्यापीठात प्रशिक्षक झाला. गंमत म्हणजे त्या विद्यापीठाच्या प्रशिक्षकांमध्ये जिंकण्यापेक्षा जास्त सामने हरलेला तो एकटाच. खेळ शोधणारा माणूस!

आज एनसीएए या संस्थेच्या पहिल्या श्रेणीत ३५० पेक्षा जास्त कॉलेजांचे संघ आहेत. मार्चमध्ये त्यातले ६८ संघ बाद फेरीच्या स्पर्धेत उतरतात आणि अख्खा देश टीव्हीसमोर बसतो. भाच्याच्या घराजवळ तर कहरच. ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलायना ही दोन हाडवैरी विद्यापीठं एकमेकांपासून जेमतेम सोळा किलोमीटरवर, आणि एनसी स्टेट त्यांच्या शेजारीच. एका गल्लीत तीन घरं तीन पक्षांची, असा प्रकार.

रिक्रूट म्हणजे कोण?

शाळेत खेळणाऱ्या ज्या मुलाला कॉलेज आपल्या संघात ओढू पाहतं तो रिक्रूट. प्रशिक्षक त्याच्या घरी जातात, आईवडिलांना भेटतात, त्याला कॉलेज दाखवायला बोलावतात, शिष्यवृत्ती देऊ करतात. पटसंख्येसाठी मे महिन्यात घरोघर फिरणाऱ्या आपल्या शिक्षकांना हे चित्र नवीन नाही. फक्त तिकडे सहा फूट आठ इंचाच्या पोरासाठी वीस-पंचवीस कॉलेजं रांगेत असतात.

यावर जगणारा एक वेगळाच धंदा आहे. काही कंपन्या देशभरातल्या शाळकरी खेळाडूंना तारे देतात. तीन तारे, चार तारे, पाच तारे. पाच तारेवाले वर्षाला साधारण वीस-तीसच. चाहते या याद्या तोंडपाठ करतात. कुठला मुलगा कुठल्या कॉलेजात जाईल यावर अंदाज बांधतात, त्याने कुठला फोटो टाकला यावरून अर्थ काढतात. शेवटी तो मुलगा टेबलावर दोन-तीन कॉलेजांच्या टोप्या मांडतो, एक उचलून डोक्यावर घालतो आणि अर्धे लोक नाचतात, अर्धे शिव्या देतात. तो असतो सतरा वर्षांचा.

पालकही यात मागे नाहीत. काही पालक आपल्या मुलाला मुद्दाम एक इयत्ता पुन्हा करायला लावतात, म्हणजे तो वर्गमित्रांपेक्षा वर्षभर मोठा आणि उंच राहील. आपल्याकडे पहिलीच्या प्रवेशाला वयाचा किती काथ्याकूट चालतो ते आठवलं. उलटही घडतं. डिसेंबर २००६ मध्ये जन्मलेला कूपर फ्लॅग शाळा एक वर्ष आधी संपवून २०२४ ला सतराव्या वर्षी ड्यूकला गेला आणि जून २०२५ मध्ये एनबीएच्या निवडीत पहिल्या क्रमांकावर उचलला गेला. अशी मुलं किती? एनबीएच्या निवडीत वर्षाला जास्तीत जास्त ६० नावं, त्यातली काही परदेशातली. ३५० संघांत प्रत्येकी १३ मुलं धरली तरी साडेचार हजार होतात. हा हिशोब मी भाच्याला फळ्यावर मांडावा तसा कागदावर करून दाखवला. तो म्हणाला, "हो, पण मी त्या साठात असेन." बरं.

तारे खरे किती?

अगदीच खोटे नाहीत. पाच तारेवाली मुलं खरोखर गुणी असतात आणि त्यातली बरीच पुढे जातात. पण सतराव्या वर्षी दिलेला शेरा कुठे चुकतो ते पाहण्यासारखं आहे.

स्टीफन करी याच राज्यातला. वडील एनबीएत खेळलेले, तरीही मुलगा बारीक आणि बुटका म्हणून मोठ्या कॉलेजांनी शिष्यवृत्ती देऊ केली नाही. वडिलांच्या व्हर्जिनिया टेकनेसुद्धा शिष्यवृत्तीशिवाय ये म्हटलं. तो डेव्हिडसन नावाच्या लहान कॉलेजात गेला आणि २००८ मध्ये त्या संघाला देशातल्या शेवटच्या आठांत घेऊन गेला. पुढचं तुम्हाला माहीत असेलच.

जा मोरांटची गोष्ट तर मी वर्गात सांगितली. एका शिबिरात मरे स्टेट या लहान विद्यापीठाचे सहप्रशिक्षक दुसऱ्याच मुलाला बघायला गेले होते. भूक लागली म्हणून खायला काहीतरी आणायला उठले आणि मागच्या छोट्या हॉलमधून चेंडूचा आवाज आला. तिथे मोरांट खेळत होता. त्याच्या नावापुढे तारे नव्हते. २०१९ च्या निवडीत पहिला झायन विल्यमसन, तिसरा आर. जे. बॅरेट. दोघेही ड्यूकचे, याद्यांमध्ये अगदी वरचे. आणि त्यांच्या मधे दुसरा हा मोरांट. ड्यूककडे त्या वर्षी याद्यांच्या माथ्यावरची तीन मुलं होती. संघ शेवटच्या आठांत मिशिगन स्टेटकडून ६८-६७ असा एका गुणाने हरला. विजेता ठरला व्हर्जिनिया, जो आदल्याच वर्षी पहिल्या फेरीत सगळ्यात खालच्या मानांकनाच्या संघाकडून हरून देशभर हसं करून बसला होता.

इथे एक दुरुस्ती. परिपाठात आपण सांगतो ना, "मायकेल जॉर्डनला शाळेच्या संघातून काढून टाकलं होतं"? मीही सांगत आले. ते तसं नाही. विल्मिंग्टनच्या लेनी हायस्कूलमध्ये दहावीत त्याला मुख्य संघाऐवजी कनिष्ठ संघात घातलं होतं. तिथे तो वर्षभर भरपूर खेळला. मुख्य संघाला उंच मुलगा हवा होता, म्हणून त्याच्या वर्गातल्या उंच मित्राला घेतलं. जॉर्डनला ते लागलं, हे खरं. पण शिक्षकाने नाकारलेला बिचारा हिरो ही आपण रंगवलेली गोष्ट आहे. त्या शिक्षकांनी मुलाला जिथे खेळायला मिळेल तिथे ठेवलं होतं.

आता पोर्टल

पूर्वी कॉलेज बदललं की खेळाडूला एक वर्ष बाहेर बसावं लागे. सराव करायचा, अभ्यास करायचा, सामना खेळायचा नाही. शिवाय जुन्या कॉलेजची परवानगी नसेल तर नव्या प्रशिक्षकांनी त्याच्याशी बोलायचंही नाही. प्रशिक्षक मात्र जास्त पगार मिळाला की दुसऱ्या दिवशी निघून जायला मोकळा. ज्याच्या भरवशावर मुलगा आला तो गेला, मुलगा अडकला.

ऑक्टोबर २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल आलं. ही एक नोंदवही समजा. खेळाडूने सांगितलं की कॉलेजने कामकाजाच्या दोन दिवसांत त्याचं नाव त्यात टाकायचं; परवानगीचा प्रश्न नाही. नाव दिसलं की इतर कॉलेजं संपर्क करायला मोकळी. २०२१ मध्ये एकदा बदली बाहेर न बसता करता येऊ लागली. डिसेंबर २०२३ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या न्यायालयाने पुढच्या बदल्यांवरची अट रोखली आणि एप्रिल २०२४ पासून अभ्यासात पात्र असेल तर कितीही वेळा बदला, असं झालं. पैसाही आला. जुलै २०२१ पासून खेळाडू स्वतःच्या नावावर जाहिराती वगैरे करून कमवू शकतात, आणि २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठ स्वतःही खेळाडूंना पैसे वाटू शकतं; २०२५-२६ साठी ही मर्यादा सगळ्या खेळांत मिळून सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर होती.

चाहत्यांमध्ये भांडण आहे ते इथे. जुने चाहते म्हणतात, चार वर्षं एकाच मुलाला वाढताना बघायचो, आता दरवर्षी नवे चेहरे. निष्ठा उरली नाही. माझा मावसभाऊ याच मताचा. भाचा म्हणतो, प्रशिक्षक जातो तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवता, मुलगा गेला की गद्दार? मला भाच्याचं पटतं. डाल्टन नेक्टला शाळेतून कुणी मोठ्याने विचारलं नव्हतं. आधी दोन वर्षांचं लहान कॉलेज, मग नॉर्दर्न कोलोरॅडो, मग बदली घेऊन टेनेसी, आणि २०२४ मध्ये तो आपल्या विभागाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०२५ ला फ्लोरिडाने ह्यूस्टनला ६५-६३ ने हरवून विजेतेपद मिळवलं, तेव्हा त्यांचा मुख्य खेळाडू वॉल्टर क्लेटन आयोना या लहान कॉलेजातून आलेला होता. मुलींमध्ये एंजल रीस मेरीलँड सोडून एलएसयूला गेली आणि पहिल्याच वर्षी, २०२३ ला, विजेती झाली.

पण पोर्टलमध्ये नाव टाकलं की जुनं कॉलेज सत्राच्या शेवटी शिष्यवृत्ती थांबवू शकतं. आणि नवं कॉलेज मिळेलच असं नाही. ज्यांना कुणीच बोलावत नाही त्यांची नावं चाहत्यांच्या गप्पांत येत नाहीत. शिवाय एका कॉलेजचे सगळे गुणांक दुसरीकडे धरतातच असं नाही, त्यामुळे तीन कॉलेजं फिरलेल्या मुलाची पदवी मागे पडू शकते.

मला खटकलं ते वेगळंच. हे सगळं बोलणं ती मुलं वाचत असतात. "आळशी आहे", "डोकं नाही", "आईच निर्णय घेते" असं अनोळखी मोठी माणसं सतराच्या पोराबद्दल लिहितात आणि ते त्याच्या हातातल्या मोबाईलमध्ये दिसतं. डी.एड.ला आपण रोझेन्थाल आणि जेकबसन यांचा १९६८ चा अभ्यास शिकलो होतो, शिक्षकाची अपेक्षा आणि मुलाची प्रगती यांचा. त्यावर नंतर बरेच आक्षेपही घेतले गेले. पण माझ्या दुसरीच्या वर्गात 'हा हुशार, तो ढ' हे मुलं माझ्या चेहऱ्यावरून वाचतात, एवढं मला कळतं. तिथे तर तारे छापूनच येतात.

शेवटच्या रविवारी मी भाच्याला विचारलं, "तो पोर्टलमध्ये गेलेला मुलगा शिकत काय होता रे?"

तो गप्प. उंची माहीत, वजन माहीत, सामन्याला सरासरी गुण किती तेही माहीत. "शोधून सांगतो," म्हणाला. दोन दिवसांनी भावाच्या मोबाईलवरून मेसेज आला : "समाजशास्त्र. पण आधीच्या कॉलेजात दुसरा विषय होता. आत्या, त्याला आता चार वर्षांत डिग्री मिळणार नाही का?"