आरोपांची यादी उलटवताना : ‘स्त्रीपुरुष तुलना’चा युक्तिवाद

१८८१ साली सुरतेच्या न्यायालयाने विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेला फाशीची शिक्षा सुनावली. लोकलज्जेच्या भयाने तिने आपल्या नवजात अर्भकाचा जीव घेतला, असा तिच्यावरील आरोप होता. अपिलात फाशी टळली आणि काळ्या पाण्याची शिक्षा झाली. वृत्तपत्रांतून या खटल्याची मोठी चर्चा झाली. ‘पुणे वैभव’ या सनातनी वळणाच्या पत्राने तर या निमित्ताने साऱ्या स्त्रीजातीच्या नीतीवर तोंडसुख घेतले. त्याला उत्तर आले ते वऱ्हाडातील बुलढाण्याहून. ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे छोटेखानी पुस्तक १८८२ मध्ये पुण्यात छापले गेले. प्रती ५००, किंमत नऊ आणे.

हे पुस्तक आज आठवले जाते ते प्रामुख्याने त्यातील संतापासाठी. संताप खराच आहे आणि त्याची भाषाही घरगुती, धारदार, प्रसंगी शिवराळपणाच्या काठावरून जाणारी आहे. परंतु संतप्त मजकूर त्या काळी पुष्कळ लिहिला गेला आणि त्यातील बहुतेक विसरलाही गेला. या पुस्तकाचे बळ त्याच्या युक्तिवादाच्या रचनेत आहे आणि एखादे लेखन वाचकाचे मत कसे वळवते हे पारखण्यासाठी मराठीत याहून बोलके उदाहरण सहसा सापडणार नाही.

रचनेचे मर्म शीर्षकातच आहे. स्त्रिया निर्दोष आहेत, असे ताराबाई सिद्ध करू पाहत नाहीत. तसे केले असते तर प्रतिपक्षाने दोन-चार दुर्वर्तनी स्त्रियांची उदाहरणे पुढे टाकली असती आणि वाद तेथेच संपला असता. त्यांनी प्रश्नच बदलला : जे दोष स्त्रियांच्या माथी मारले जातात, ते पुरुषांत नाहीत काय? स्त्री म्हणजे संशयाचा भोवरा, अविनयाचे घर, कपटाचे आगर, असे सांगणारा एक संस्कृत श्लोक जुन्या पठडीतील शिकलेल्यांच्या तोंडी असे. ताराबाई त्यातील आरोप हाती घेतात आणि पुरुषाच्या आचरणाशी ताडून पाहतात. कपट म्हणाल तर लाचलुचपत, खोट्या साक्षी, फसवणूक यांनी तुरुंग भरले ते कोणी? साहस म्हणाल तर राज्ये बुडवण्याचे साहस कोणाचे? यादी प्रतिपक्षाची, तागडी मात्र ताराबाईंची. आता उत्तर देण्याची जबाबदारी आरोप करणाऱ्यावर येऊन पडते.

दुसरी गोष्ट प्रमाणांची. ज्या पुराणांच्या आधारे पातिव्रत्याचा उपदेश केला जातो, तीच पुराणे ताराबाई साक्षीला काढतात. सावित्री पतीच्या प्राणांसाठी यमाच्या मागे गेली. पत्नीच्या प्राणांसाठी त्या वाटेवर निदान काही पावले चाललेला एखादा पुरुष दाखवा, असे त्या विचारतात. पती हा देव मानावा, हे त्या क्षणभर मान्यही करतात. मग देवाने देवासारखे वागावे, हे ओघानेच आले. पतीच्या मृत्यूनंतर विधवेने केशवपन करून कोपऱ्यात दिवस काढायचे असतील, तर पत्नीच्या मृत्यूनंतर पुरुषाने दाढीमिशा उतरवून रानात का जाऊ नये, हा त्यांचा प्रश्न विनोदी वाटतो. पण त्याचे गंभीरपणे उत्तर देऊ पाहणाऱ्याची पंचाईत होते. प्रतिपक्षाला मान्य असलेल्याच आधारांवरून त्याला अमान्य असलेल्या निष्कर्षाशी आणून सोडायचे, ही वादाची फार जुनी रीत आहे. ती साधायची तर प्रतिपक्षाचे ग्रंथ त्याच्याइतकेच ठाऊक असावे लागतात. ताराबाईंना ते ठाऊक होते.

तिसरी गोष्ट लेखिकेने स्वतःची उभी केलेली प्रतिमा. प्रस्तावनेत त्या स्वतःला मराठा घराच्या चालीरीतींत कोंडलेली, अल्पबुद्धीची स्त्री म्हणवतात. वरकरणी हा विनय त्या काळच्या शिष्टाचारातला. पण त्याचा परिणाम निराळा होतो. उंबऱ्याआडच्या बाईला जे दिसते ते शहाण्यासुरत्या संपादकांना का दिसू नये, असे वाचक मनाशी म्हणू लागतो. शिवाय ही ‘अल्पबुद्धी’ मराठीबरोबर संस्कृत आणि इंग्रजीही जाणत होती. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत नोकरीला आणि सत्यशोधक समाजाचे सभासद होते.

खटल्याच्या मुळाशी जाणारा मुद्दा मात्र याहून साधा आहे. मूल एकट्या स्त्रीचे नसते. विधवेला गोड बोलून मोहात पाडणारा पुरुष वेळ येताच नामानिराळा होतो आणि बेअब्रू तिच्या एकटीच्या वाट्याला राहते, हे ताराबाई पुनःपुन्हा सांगतात. येथे ना श्लोक आहे, ना पुराण. न्यायालयात कोण उभे होते आणि कोण नव्हते, एवढेच वाचकाने पाहायचे आहे. साऱ्या पुस्तकात याहून भक्कम आधार दुसरा नाही आणि तो भक्कम आहे तो पडताळून पाहता येतो म्हणून.

पारख करायची तर उणिवाही सांगितल्या पाहिजेत. ताराबाईंचे पुरुष पुष्कळदा सरसकट पुरुष असतात. सर्व स्त्रिया अशा, हे म्हणणे चुकीचे असेल तर सर्व पुरुष तसे, हेही चुकीचेच. आपल्याच तागडीचा हा नियम त्या नेहमी पाळत नाहीत. विषयांतरेही बरीच आहेत. सुधारकांची पोकळ भाषणे, पगडी टाकून साहेबी पोशाखाच्या नादी लागलेले पुरुष, स्त्रियांना कुलटा म्हणून रंगवणारी नाटके-कादंबऱ्या, असे बरेच काही वाटेत भेटते. यातील शेवटचा विषय मुद्द्याला धरून आहे, कारण स्त्रियांविषयीची मते घडतात ती अशा पुस्तकांतूनही. बाकीच्या मजकुराने धार थोडी बोथटते. शिवाय पातिव्रत्याच्या कल्पनेला त्या पुरता नकार देत नाहीत. हा वादापुरता स्वीकार आहे की मनापासूनचा विश्वास, हे मजकुरावरून निश्चित ठरवणे कठीण आहे. बहुधा दोन्ही असावे. समोरच्याचे गृहीतक वापरून वाद जिंकणाऱ्याला ते गृहीतक जवळ बाळगण्याची किंमत मोजावी लागते, ती ताराबाईंनीही मोजली.

पुस्तकाला प्रतिसाद मिळाला तो उपहासाचा. उपहास करणाऱ्यांत खुद्द सत्यशोधक वर्तुळातील माणसेही होती. १८८५ साली जोतीराव फुले यांनी ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू उचलून धरली आणि आपल्याच सहकाऱ्यांना खडसावले. लेखिकेची टर उडवणे आणि मुद्दा खोडून काढणे यांतील अंतर फुल्यांच्या लगेच ध्यानात आले होते. वृत्तपत्रांच्या पत्रव्यवहाराचे सदर नियमाने वाचणाऱ्यांना हे अंतर आजही परिचयाचे असेल.

त्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक प्रसिद्ध झाल्याचे आढळत नाही. ‘स्त्रीपुरुष तुलना’ही विस्मरणात गेले. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते शोधून संपादित रूपात पुन्हा छापले, तेव्हा पहिल्या प्रकाशनाला ९३ वर्षे उलटली होती.