इंग्रजीचा ‘अनसीन पॅसेज’ वाचता येतो, पण कळत का नाही? बारावीआधी सराव कसा करायचा?

बारावीच्या बोर्ड परीक्षेची सुरुवात सहसा इंग्रजीच्या पेपरने होते. २०२५ मध्ये हा पेपर ११ फेब्रुवारीला होता. नाशिक जिल्ह्यातल्या वणी-दिंडोरी पट्ट्यात हे दिवस द्राक्षकाढणीचे. बागेत मजूर, दारात गाडी, भावाची घासाघीस आणि त्याच घरात कुणीतरी युवकभारतीचं पुस्तक उघडून बसलेलं. सप्तशृंगीच्या गडाकडे आणि पुढे सुरगाण्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव आसपासच्या खेड्यापाड्यांतल्या मुलांसाठी शिक्षणाचं ठिकाण आहे. यातल्या अनेकांच्या घरी कोकणा बोली बोलली जाते, शाळेत प्रमाण मराठी असते आणि इंग्रजी त्यानंतर कधीतरी येते.

इंग्रजी हा विषय कला, वाणिज्य, विज्ञान अशा सगळ्या शाखांना सक्तीचा आहे. तो राहिला की बारावी राहते. त्यातही मुलं सगळ्यात जास्त कशाला घाबरत असतील, तर पाठ्यपुस्तकाबाहेरच्या उताऱ्याला, म्हणजेच अनसीन पॅसेजला. धड्यांची उत्तरं पाठ करता येतात, निबंध-पत्रांचे साचे ठरलेले असतात. या उताऱ्याचं मात्र काहीच ‘अपेक्षित’ नसतं.

किती गुणांचा प्रश्न आहे?

राज्य मंडळाची बारावीची इंग्रजीची कृतिपत्रिका ८० गुणांची असते, उरलेले २० गुण तोंडी आणि अंतर्गत मूल्यमापनाचे. ८० पैकी १२ गुण पाठ्यपुस्तकातल्या उताऱ्याला, १२ पाठ्येतर उताऱ्याला आणि १० कवितेच्या आकलनाला असतात. पाठ्येतर उताऱ्याचा सारांश लिहायला आणखी ३ गुण. म्हणजे ३७ गुण थेट ‘वाचा आणि उत्तर द्या’ या प्रकारचे झाले आणि त्यातले १५ अशा मजकुरावर, जो विद्यार्थी आयुष्यात पहिल्यांदा पाहतोय. दहावीतही चित्र फार वेगळं नाही. तृतीय भाषा इंग्रजीच्या ८० गुणांत पाठ्येतर उतारा आणि सारांश मिळून १५ गुण असतात.

बारावीच्या उताऱ्यावर प्रत्येकी २ गुणांच्या सहा कृती असतात. पहिल्या दोन कृती उताऱ्यात नेमकं काय म्हटलंय, हे विचारतात. चूक-बरोबर सांगा, क्रम लावा, तक्ता किंवा जाळं पूर्ण करा, असं त्यांचं स्वरूप असतं. तिसरी कृती अनुमानाची, म्हणजे उताऱ्यात सरळ न लिहिलेली गोष्ट ओळखायची. चौथीत स्वतःचं मत मांडायचं. पाचवी व्याकरणाची, सहावी शब्दसंपत्तीची.

यातल्या चौथ्या कृतीबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं. कच्ची मुलं ही कृती सर्रास कोरी सोडतात, कारण ‘उत्तर उताऱ्यात सापडत नाही’. ते सापडणारच नसतं. तिथे एकच एक बरोबर उत्तर नसतं. विषयाला धरून, कारण देऊन लिहिलेली तीन-चार साधी वाक्यं अपेक्षित असतात. कोऱ्या जागेला मात्र शून्यच मिळतो.

अक्षरं वाचली म्हणजे वाचन झालं का?

‘असर’ या देशव्यापी सर्वेक्षणाचा १४ ते १८ वयोगटाबद्दलचा अहवाल जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार ग्रामीण भागातल्या या वयाच्या ५७.३ टक्के मुलामुलींना इंग्रजी वाक्यं वाचता आली. पण वाक्यं वाचू शकणाऱ्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश मुलांनाच त्यांचा अर्थ सांगता आला. म्हणजे वाक्य घडाघडा वाचणाऱ्या दर चारपैकी साधारण एकाला आपण काय वाचलं, हे कळलेलं नव्हतं. आणि ही वाक्यं फार सोपी होती. बारावीचा उतारा त्याहून बराच वरचा असतो.

फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या अभ्यासकांनी १९८६ मध्ये वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं. वाचून कळणं म्हणजे अक्षरांचा उच्चार करता येणं गुणिले ती भाषा समजणं. इथे बेरीज नाही, गुणाकार आहे. दोन्हींपैकी एक बाजू शून्य असली की उत्तर शून्य. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातंय, त्यामुळे अक्षरओळखीची बाजू सुधारली. पण वर्गाबाहेर इंग्रजी कानावर पडत नसेल, तर दुसरी बाजू मागेच राहते. मोठ्याने धडा वाचून घेण्याचा पारंपरिक सराव पहिल्याच बाजूवर मेहनत घेतो. इथेच गोची आहे.

किती शब्द अडले तर उतारा अडतो?

मार्सेला हू आणि पॉल नेशन यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की परक्या भाषेतला मजकूर कुणाच्या मदतीशिवाय नीट कळायचा असेल, तर त्यातले साधारण ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत. ३०० शब्दांच्या उताऱ्याला हा हिशोब लावला, तर फक्त ६ शब्द अनोळखी असलेले चालतात. ८० टक्केच शब्द माहीत असतील, तर त्याच उताऱ्यात ६० शब्द अडतात. अशा वेळी ‘संदर्भावरून अर्थ ओळखा’ हा सल्ला फार उपयोगाचा राहत नाही, कारण संदर्भच हाताशी नसतो.

म्हणून सरावाची सुरुवात थेट बोर्डाच्या पातळीच्या उताऱ्यांनी करणं बऱ्याच मुलांसाठी चुकीचं ठरतं. एका पानावर पाच-सहापेक्षा जास्त शब्द अडत असतील, तर मजकूर अवघड आहे, असं समजून दोन पायऱ्या खाली उतरावं. आठवीच्या पातळीचं वाचण्यात कमीपणा काही नाही.

शब्दांच्या बाबतीत वणीच्या मुलांकडे एक भांडवल आहे, ज्याची मोजदाद कुणी करत नाही. द्राक्षबागेची भाषा अर्धी इंग्रजीच आहे. पेस्टिंग, डिपिंग, थिनिंग, कॅनोपी, बेरी, शूट, ड्रिप, एक्स्पोर्ट. शाळेची पायरी न चढलेली आजीसुद्धा हे शब्द बिनचूक वापरते. ‘थिनिंग’ म्हणजे विरळणी हे ज्याला माहीत आहे, त्याला उताऱ्यात ‘थिनिंग फॉरेस्ट्स’ आलं तर जंगल विरळ होतंय, हे कळायला शब्दकोश लागू नये. फक्त हा आपलाच शब्द आहे, हे कुणीतरी एकदा लक्षात आणून द्यावं लागतं.

उतारा ओळखीच्या विषयावर असेल तर?

डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ मध्ये अमेरिकेतल्या शाळकरी मुलांवर केलेला एक प्रयोग आजही सांगितला जातो. मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची, पण बेसबॉल माहीत असलेली मुलं वाचनात हुशार, पण बेसबॉल न कळणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. वाचनाचं कौशल्य हवेत नसतं. विषयाची माहिती असेल तर तेच इंग्रजी सोपं होतं.

याचा थेट उपयोग करून घेता येतो. बालभारतीची पुस्तकं मराठी आणि इंग्रजी दोन्ही माध्यमांत निघतात आणि त्यांच्या पीडीएफ मोफत मिळतात. सातवी-आठवीचं भूगोलाचं किंवा विज्ञानाचं पुस्तक मराठीतून शिकलेल्या मुलाने त्याच पुस्तकाची इंग्रजी आवृत्ती उघडावी. धडा तोच, आकृत्या त्याच, क्रमही तोच. काय लिहिलंय हे आधीच माहीत असतं, त्यामुळे लक्ष ते इंग्रजीत कसं लिहिलंय याकडे जातं. रोज एक पान पुरे. ‘रोज इंग्रजी पेपर वाचा’ हा सल्ला सगळीकडे दिला जातो. पण अग्रलेखाची भाषा बारावीच्या उताऱ्यापेक्षा कठीण असते आणि विषय अनोळखी, त्यामुळे आठवडाभरात पेपर कोपऱ्यात पडतो.

अनुमानाचा प्रश्न कसा सोडवायचा?

नमुन्यादाखल रचलेली ही चार वाक्यं पाहा.

‘द रेन केम इन द लास्ट वीक ऑफ ऑक्टोबर. ऑलदो मोस्ट ग्रोअर्स हॅड फिनिश्ड प्रुनिंग, रघू हॅड वेटेड. हिज नेबर्स हॅड लाफ्ड ॲट हिम देन. दे डिड नॉट लाफ इन फेब्रुवारी.’

प्रश्न असा, की शेजारी फेब्रुवारीत का हसले नाहीत? उताऱ्यात याचं उत्तर कुठेच लिहिलेलं नाही. ज्याला फक्त शब्द जुळवायची सवय आहे, तो ‘फेब्रुवारी’ शोधेल आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं उतरवेल. गुण मिळणार नाहीत. इथे ‘ऑलदो’वर थांबावं लागतं. हा शब्द आला की वाक्याचे दोन भाग विरुद्ध दिशेला जातात. इतरांनी छाटणी उरकली, रघूने मात्र केली नाही. मग ‘हिज’ म्हणजे रघूचे, ‘देन’ म्हणजे रघू थांबला तेव्हा, ‘दे’ म्हणजे तेच शेजारी, हे जोडून घ्यायचं. आधी छाटलेल्या बागांना ऐन नाजूक अवस्थेत पाऊस लागला, रघूची बाग वाचली, फेब्रुवारीत माल त्याच्याकडे होता. वणीतल्या मुलाला हे सांगावं लागणार नाही. ज्याने बाग पाहिलेली नाही, त्याला एवढा तपशील सुचणार नाही, पण पाऊस, थांबणं आणि हसू बंद होणं यांची सांगड घालून ‘पावसाने इतरांचं नुकसान झालं, उशिरा छाटणाऱ्याचं झालं नाही’ इथपर्यंत त्यालाही पोहोचता येतं.

‘ऑलदो’, ‘हाउएव्हर’, ‘अनलेस’, ‘देअरफोर’, ‘इन्स्टेड’ असे वीस-पंचवीस जोडशब्द पक्के झाले, तर उताऱ्याचा सांगाडा दिसू लागतो. मुलं मात्र ‘फोटोसिंथेसिस’सारखे भारदस्त शब्द पाठ करत बसतात आणि ‘अनलेस’मध्ये दडलेला नकार पाहायचा विसरतात. चूक-बरोबरच्या कृतीत घात इथेच होतो. सर्वनामांसाठी एक साधी सवय पुरते. सराव करताना प्रत्येक ‘इट’, ‘दे’, ‘धिस’ला पेन्सिलने गोल करायचा आणि तो कुणासाठी आलाय तिथपर्यंत बाण काढायचा. पंधरा दिवसांनी बाण न काढताही दिसायला लागतात.

रोजचा सराव नेमका कसा?

आधी प्रश्न वाचावेत की उतारा, यावर क्लासवाल्यांमध्ये कायम वाद असतो. दोन्ही पद्धतींनी चार-चार उतारे सोडवून ज्यात गुण जास्त पडतात ती धरावी, इतकाच तो विषय आहे. त्याहून महत्त्वाचं आहे उतारा वाचल्यानंतर काय करायचं ते. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये दाखवून दिलं, की मजकूर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा एकदा वाचून, तो बाजूला ठेवून आठवून लिहिणाऱ्यांच्या तो आठवड्यानंतर जास्त लक्षात राहतो. तेव्हा उतारा वाचून झाला की वही बंद करून तीन वाक्यांत तो सांगून पाहावा. सुरुवातीला मराठीत सांगितला तरी हरकत नाही, कळलाय की नाही हे तपासायचंय. पुढे तीच तीन वाक्यं इंग्रजीत लिहायला लागलं, की ३ गुणांच्या सारांशाची तयारी वेगळी करावी लागत नाही.

उत्तरपत्रिका मिळवून तपासणं हा भाग बहुतेक जण टाळतात. नुसते चुकलेले गुण मोजून उपयोग नसतो, चूक कुठल्या जातीची आहे ते पाहावं लागतं. शब्द अडला, जोडशब्द निसटला, सर्वनाम चुकलं की प्रश्नच नीट वाचला नाही? दहा उताऱ्यांनंतर एकच कारण पुन्हा पुन्हा दिसू लागतं. पुढचे दोन आठवडे फक्त त्यावर द्यावेत.

या सगळ्याला वेळ लागतो आणि वणी परिसरात तो फेब्रुवारीत मिळत नाही. जानेवारीपासून बागेत हात लागतात आणि ते घरातल्या मुलामुलींचेही असतात. शब्द आणि सोपं वाचन यांचं काम म्हणूनच गोडी छाटणीच्या आधी, पावसाळ्यातच सुरू झालेलं बरं. दिवाळीनंतर बोर्डाच्या पातळीचे उतारे आणि काढणीच्या दिवसांत फक्त घड्याळ लावून आठवड्याला दोन.

घड्याळाचा हिशोब सोपा आहे. १८० मिनिटांत ८० गुण, म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटं. १२ गुणांच्या उताऱ्याला २७ मिनिटं येतात, सारांश धरला तर जेमतेम ३४. त्यातली सहा-सात मिनिटं नुसती वाचण्यात गेली तरी चालतात, उलट घाईने वाचून प्रत्येक कृतीसाठी पुन्हा उताऱ्यात शिरण्यात जास्त वेळ जातो. पूर्वी प्रश्नपत्रिका दहा मिनिटं आधी हातात पडायची आणि तेवढ्यात उताऱ्यावर एक नजर फिरवता यायची. गैरप्रकार रोखण्यासाठी २०२३ पासून मंडळाने ती सवलत बंद केली आणि त्याऐवजी शेवटी दहा मिनिटं वाढवून दिली. सकाळी ११ चा पेपर आता २ वाजून १० मिनिटांनी संपतो. जुन्या विद्यार्थ्यांकडून ‘आधी दहा मिनिटं वाचून घे’ असा सल्ला अजूनही मिळतो, तो आता लागू नाही. घरी सराव करतानाही उतारा उघडल्या क्षणापासूनच वेळ मोजायला घ्यावी.