बाळंतिणीचे ताट आणि वजनाचा काटा

तंजावरहून रामेश्वरला जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी भोसले राजांनी वाटोवाट छत्रे, म्हणजे धर्मशाळा, बांधली होती. त्यांचा कारभार आपल्याच हाती राहावा म्हणून दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०१ मध्ये इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहिले आणि छत्रांत काय काय होते ते सविस्तर कळवले. गरोदर बाई आली आणि तिथेच बाळंत झाली, तर खर्च छत्राचा, औषधपाणी छत्राचे आणि पुढे तीन महिने तिला तिथे राहण्याची मुभा. परक्या वाटसरू बाईलाही तीन महिन्यांची सवड मिळत होती. आज त्याच तंजावरात, आणि पुण्या-मुंबईतही, बाळंतिणीच्या कानावर दोन टोकांचे सल्ले पडतात. घरातली मोठी माणसे म्हणतात, तूप खा, लाडू खा, नाहीतर दूध आटेल. मोबाइलवरच्या जाहिराती म्हणतात, महिन्यात दहा किलो उतरवा. पहिल्या सल्ल्याने वजन वाढते, दुसऱ्याने आई खंगते. अंगावर पाजताना वजन उतरवता येते, आणि पुष्कळ जणींनी ते उतरवायलाही हवे. मात्र त्यासाठी ताट लहान करावे लागत नाही. ताटातले पदार्थ बदलावे लागतात, आणि घाई सोडावी लागते.

वजनाचा प्रश्न केवळ दिसण्याचा असता, तर त्यावर एवढे लिहायचे कारण नव्हते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात तमिळनाडूतल्या १५ ते ४९ वयाच्या ४०.४ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर आढळले. महाराष्ट्रात हा आकडा २३.४ टक्के होता. त्याच पाहणीत तमिळनाडूतल्या ५३.४ टक्के आणि महाराष्ट्रातल्या ५४.२ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी निघाले. हे दोन आकडे शेजारी ठेवले की एक गोष्ट ध्यानात येते. तमिळनाडूत तरी यांतल्या कितीतरी बायका दोन्हीकडे मोजल्या गेल्या असणार: अंगावर चरबी जास्त आणि रक्तात लोह कमी. गरोदरपणी वाढलेले वजन तसेच राहिले, तर पुढच्या खेपेला रक्तदाब आणि साखर वाढण्याची भीती असते, आणि गरोदरपणात साखर वाढलेल्या बाईला पुढे कायमचा मधुमेह जडण्याचा धोका बराच जास्त असतो. म्हणून वजन उतरवणे गरजेचे आहे. पण ते उपाशी राहून उतरवले, तर चरबीबरोबर आईचे रक्त आणि हाडेही झिजतील.

आता हिशोब पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार बैठे काम करणाऱ्या प्रमाण वजनाच्या स्त्रीला दिवसाला सुमारे १६६० कॅलरी लागतात. बाळ पहिले सहा महिने केवळ अंगावर पीत असेल, तर त्यात ६०० ची भर घालावी लागते, कारण रोज सुमारे ७०० ते ८०० मिलिलिटर दूध तयार करायला शरीराला तेवढी शक्ती खर्चावी लागते. म्हणजे गरज होते २२६० ची. यातून ५०० कॅलरी कमी केल्या, तरी उरतात १७६०. हा आकडा मूल होण्याआधीच्या गरजेपेक्षा शंभराने जास्तच आहे. वजन उतरवू पाहणाऱ्या आईचे ताट तिच्या पूर्वीच्या ताटाएवढे भरलेले असले तरी चालते. बाकीचे काम दूध करते. याच हिशोबाने आठवड्याला अर्ध्या किलोच्या आसपास वजन उतरते, आणि तेवढा वेग पुरे आहे. दिवसाला १५०० कॅलरींच्या खाली जाणारा कोणताही आहार या काळात टाळावा.

यावर पहिला आणि सर्वांत जुना आक्षेप असतो दुधाचा. आई कमी खाईल तर बाळाला पुरणार कसे? अमेरिकेत शेरिल लव्हलेडी यांनी ४० जास्त वजनाच्या आणि केवळ अंगावर पाजणाऱ्या आयांवर एक प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध केले. बाळे चार आठवड्यांची झाल्यावर निम्म्या आयांनी रोजच्या आहारातून ५०० कॅलरी कमी केल्या आणि आठवड्यातून चार दिवस ४५ मिनिटे व्यायाम केला. दहा आठवड्यांत त्यांचे वजन सरासरी ४.८ किलोंनी उतरले, दुसऱ्या गटाचे जेमतेम ०.८ किलोंनी. दोन्ही गटांतल्या बाळांच्या वाढीत फरक दिसला नाही. प्रयोग लहान होता, आणि त्या आया आपल्याकडच्या अशक्त बाळंतिणींसारख्या नव्हत्या, हे मान्य करायलाच हवे. म्हणूनच आपल्याकडे सुरुवात आधी हिमोग्लोबिन तपासून आणि दीड-दोन महिने थांबून करावी. पण कॅलरी थोड्या कमी केल्या की दूध आटते, ही भीती निराधार आहे. आई अर्धपोटी राहिली तरी शरीर बरेच दिवस दूध तयार करत राहते. कॅल्शियमसारखी द्रव्ये ते तिच्याच साठ्यातून उचलते. त्यामुळे उपासमारीची झळ बाळाच्या आधी आईला लागते, आणि तीच कोणाच्या लक्षात येत नाही.

दुसरा आक्षेप याच्या अगदी उलट असतो. अंगावर पाजल्याने वजन आपोआप उतरते, मग वेगळी खटपट कशाला? काही जणींचे उतरते, पण सगळ्यांचे नाही, कारण दुधाबरोबर भूकही वाढते आणि भरपाई भलत्याच गोष्टीने होते. तुपात तळलेला डिंक, खोबरे, खारीक आणि गूळ घातलेल्या एका मध्यम लाडवात दीड-दोनशे कॅलरी असतात. दिवसाला तीन लाडू खाल्ले की दुधासाठी लागणारी जवळजवळ सगळी भर तिथेच पुरी होते, आणि जेवण वेगळेच. तमिळ घरांत बाळंतिणीच्या पथ्याला ‘पत्तियम’ म्हणतात. त्यात लसूण आणि मिरीची कुळंबू नावाची आमटी असते आणि तूप-गुळात आटवलेले लेह्यही असते. मराठी असो वा तमिळ, हा आहार शेतात राबून थकलेल्या, आधीच अर्धपोटी असलेल्या बाईला पुन्हा उभे करण्यासाठी होता. त्यातले अळीव, मेथी, लसूण, शेवग्याचा पाला आणि नाचणी आजही ठेवावी. कमी करायचे ते तूप, गूळ आणि भाताची तिसरी वाढणी. कावेरीच्या खोऱ्यात सांबाराला भात, रसमला भात आणि शेवटी ताकालाही भात असतो. यांतली एक वाढणी काढून तिथे वाटीभर घट्ट डाळ, पालेभाजी आणि अंडे किंवा मासळी आली, तर पोट तेवढेच भरते. जेवणानंतर लगेच कॉफी नको, कारण ती अन्नातले लोह अंगी लागू देत नाही. बाळंतिणीने पाणी कमी प्यावे, ही समजूतही सोडावी. तहानेप्रमाणे पाणी पिऊ द्यावे.

झटपट उपायांबद्दल मात्र स्पष्ट बोलावे लागते. वजन उतरवण्याच्या गोळ्या, काढे, चहा आणि हल्ली बोलबाला झालेली सेमाग्लुटाइडची इंजेक्शने अंगावर पाजताना घेऊ नयेत. दिवसभर केवळ रसावर राहणेही नको. २०१९-२१ च्या त्याच सर्वेक्षणात तमिळनाडूतली ४४.९ टक्के बाळंतपणे शस्त्रक्रियेने झालेली आढळली. शस्त्रक्रिया झालेल्या आईने पोटाचे व्यायाम डॉक्टरांना विचारूनच सुरू करावेत, चालणे मात्र लवकर सुरू करता येते. वजन काही केल्या हलत नसेल किंवा एकाएकी उतरू लागले असेल, तर थायरॉइड तपासावे. बाळाचे वजन वाढेनासे झाले किंवा ते दिवसाला सहापेक्षा कमी वेळा लघवी करू लागले, तर वजनाचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवावे.

शेवटचा आक्षेप सगळ्यांत खरा आहे: रात्री चारदा उठणाऱ्या बाईने हे सगळे करायचे केव्हा? एकटीने ते होणारच नाही. तिला सलग झोप मिळावी म्हणून बाळ घेऊन बसणे आणि संध्याकाळी तिला अर्धा तास चालायला मोकळे करणे, हे नवऱ्याचे आणि घरच्यांचे काम आहे. सरकारनेही आपला वाटा उचलावा. डॉ. मुत्तुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावाच्या योजनेतून तमिळनाडू सरकार गरोदर स्त्रियांना पैशांबरोबर लोहाचे टॉनिक, खजूर आणि तूप असलेला पोषणसंच देते. एकच संच अशक्त आणि जास्त वजनाच्या आईला सारखा लागू पडत नाही. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसीसाठी आई बाळाला घेऊन दवाखान्यात येतेच, आणि बाळाचे वजन कार्डावर लिहिले जाते. त्याच वेळी आईचे वजन घ्यावे, हिमोग्लोबिन तपासावे, आणि आहारात काय वाढवायचे व काय कमी करायचे ते तिला दोन वाक्यांत सांगावे. काटा तिथे आहे, परिचारिका तिथे आहे आणि आईही तिथेच उभी असते.