झेंडू : तोरणात मान, शेतात राखण



दसऱ्याला झेंडूच्या फुलांना किती मान असतो हे सांगायला नको. दाराला आंब्याची पाने व झेंडूचे तोरण, नांगर, बैलगाडी, ट्रॅक्टर व अवजारांना झेंडूच्या माळा, हा आपला रिवाज. केशरी रंग तेजाचा व त्यागाचा मानला जातो आणि ओवलेली फुले लवकर सुकत नाहीत, म्हणून तोरणासाठी झेंडूच पसंत केला जातो.

गंमत अशी की झेंडू मूळचा आपल्याकडचा नाही. त्याच्या दोन प्रमुख प्रकारांना ‘आफ्रिकन’ व ‘फ्रेंच’ म्हणत असले, तरी दोन्हींचे मूळ मेक्सिको व मध्य अमेरिकेत आहे. मेक्सिकोत दरवर्षी १ व २ नोव्हेंबरला पितरांचे स्मरण करतात. त्यांना घरची वाट सापडावी म्हणून झेंडूच्या पाकळ्यांची पायवाट घालतात.

पण या मानामागे शेतकऱ्याची एक अडचण आहे. सर्वांची फुले एकाच दोन दिवसांत बाजारात येतात व भाव कोसळतो. न खपलेल्या फुलांचे ढीग टाकून शेतकरी घरी परततो, हे दृश्य नवे नाही. म्हणून झेंडूकडे केवळ फुलांचे पीक म्हणून न पाहता पुढील पिकाची राखण करणारे पीक म्हणूनही पाहावे.

सूत्रकृमींचा बंदोबस्त

टोमॅटो, वांगी, भेंडी व काकडीवर्गीय पिकांत रोपे खुजी राहतात, पिवळी पडतात व दुपारी माना टाकतात. असे रोप उपटून पाहावे. मुळांवर गाठी असतील आणि त्या चोळूनही सुटत नसतील, तर तो मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींचा प्रादुर्भाव समजावा. (कडधान्यांच्या मुळांवरील नत्राच्या गाठी मात्र सहज निघतात.) झेंडूच्या मुळांत ‘अल्फा-टर्थिनिल’ हे द्रव्य असते व ते सूत्रकृमींना मारक ठरते.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. बांधावर चार झाडे लावून हा फायदा मिळत नाही. हे काम जिवंत मुळे करतात आणि तेही मुळांच्या जवळपासच. म्हणून ज्या तुकड्यात टोमॅटो घ्यावयाचा आहे, त्याच तुकड्यात आधी किमान दोन ते तीन महिने झेंडूचे सलग पीक घ्यावे. तण वाढू देऊ नये, कारण तणांच्या मुळांवर सूत्रकृमी तग धरतात. दसऱ्याचा झेंडू निघाल्यावर त्याच जागी रब्बीचा टोमॅटो लावला, तर हा फेर आपोआप साधतो.

टोमॅटोतील सापळा पीक

टोमॅटोचे फळ पोखरणारी अळी म्हणजेच हरभऱ्यावरील घाटे अळी. तिचा पतंग झेंडूच्या कळ्या-फुलांवर अंडी घालणे पसंत करतो. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने यावरून पद्धत बसविली आहे. टोमॅटोच्या दर १६ ओळींनंतर उंच आफ्रिकन झेंडूची एक ओळ लावावी. लावणीच्या वेळी झेंडूचे रोप ४० दिवसांचे व टोमॅटोचे २५ दिवसांचे असावे, म्हणजे दोन्हींना फुले एकाच वेळी येतात. यासाठी झेंडूचे बी टोमॅटोच्या १५ दिवस आधी टाकावे.

मात्र सापळा लावून विसरू नये. फुले वेळेवर तोडावीत व अळ्या वेचून नष्ट कराव्यात. अन्यथा हाच झेंडू अळीचे माहेरघर बनतो. गरजेनुसार घाटे अळीच्या विषाणूची (एच.ए.एन.पी.व्ही.) हेक्टरी २५० एल.ई. या प्रमाणात सायंकाळी फवारणी करावी.

लागवडीचे गणित

दसऱ्याची तारीख दरवर्षी बदलते, म्हणून पंचांग पाहून मागे मोजावे. रोपवाटिकेत २५ ते ३० दिवस व लावणीपासून फुलांपर्यंत सुमारे दोन महिने लागतात. म्हणून बी दसऱ्याच्या ९० ते १०० दिवस आधी टाकावे. ४५ × ३० सें.मी. अंतरावर, पाण्याचा निचरा होणाऱ्या जमिनीत लावणी करावी. लावणीनंतर साधारण महिन्याने शेंडा खुडावा, म्हणजे फांद्या व फुले वाढतात. पूसा नारंगी गेंदा व पूसा बसंती गेंदा हे आफ्रिकन प्रकारातील सुधारित वाण आहेत. उघडिपीत व कोरड्या हवेत पानांच्या खालच्या बाजूस लाल कोळी दिसतो का, याकडे लक्ष ठेवावे.

सर्व क्षेत्राची लावणी एकाच दिवशी न करता आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन-तीन टप्प्यांत केल्यास दसरा हुकला तरी दिवाळी हाती राहते. फुलांच्या पाकळ्यांतील ल्युटीन हे रंगद्रव्य कोंबडीखाद्यात अंड्याच्या बलकाला रंग येण्यासाठी वापरतात. परंतु खरेदीदाराशी आधी लेखी करार झाल्याशिवाय त्यासाठी लागवड करू नये.

थोडक्यात, फुलाचा भाव बाजार ठरवतो, मुळांचे काम मात्र आपल्याच शेतात राहते. या वर्षी झेंडूची जागा ठरविताना पुढे तेथे कोणते पीक येणार आहे, हा विचार आधी करावा.