सूट सांभाळण्याचा सल्ला कुणाचा ऐकावा?

लग्नसराई संपली, की निलंग्यातल्या घराघरांत एक प्रश्न मागे उरतो. निकाहची शेरवानी आणि वलीम्याचा सूट आता ठेवायचा कसा? पूर्वी हे शिवणाऱ्या मास्टरला विचारत. आता मोबाइलला विचारतात, आणि तो एका दमात दहा उत्तरे देतो: व्हिनेगर घालून मशीनमध्ये धुवा, फ्रीजरमध्ये ठेवा, वाफेवर टांगा, जेबांत कापूर घाला.

आम्ही हे सल्ले एकेक करून पाहिले. त्यातले बरेचसे खोटे नाहीत. ते दुसऱ्याच कापडासाठी दिलेले आहेत. थंड देशांतला माणूस सूट म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे शुद्ध लोकर असते. आपल्याकडे शिवले जाणारे बहुतेक सूट टेरी-विस्कोसचे, म्हणजे पॉलिएस्टर आणि विस्कोसच्या मिश्रणाचे असतात. कसर खाते ती लोकर, रेशीम, केस. स्वच्छ पॉलिएस्टरमध्ये तिचे पोट भरत नाही. मग असा सूट फ्रीजरमध्ये कोंबून काय साधणार? लोकरीला हा उपाय चालतो, पण त्यासाठी उणे १८ अंशांची थंडी काही दिवस सलग लागते. एकदारी फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यावर तो भरवसा ठेवता येत नाही.

म्हणून आधी कापड ओळखावे. शिवायला टाकतानाच मास्टरकडून थोडी कातरण मागून घ्यावी. तिचे दोन धागे चिमट्यात धरून, मुले जवळ नसताना, स्टीलच्या ताटलीवर जाळून पाहावेत. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटांत चुरली, तर लोकर किंवा रेशीम. वितळून टणक मणी झाला, तर पॉलिएस्टर. कागद जळल्यासारखा वास आला, तर सुती किंवा विस्कोस. मिश्रणात दोन्ही खुणा दिसतात.

पण कापड कळले तरी काम अर्धेच होते. कोटाच्या छातीत आणि कॉलरमध्ये कॅनव्हास, बकरम किंवा गोंदाने चिकटवलेले फ्युजिंग असते, आत अस्तर असते. पाण्यात हे सगळे सारखे आटत नाही. फ्युजिंगचा गोंद सुटला की छातीवर फुगे येतात आणि कितीही इस्त्री केली तरी ते जात नाहीत. म्हणजे वरचे कापड धुण्याजोगे असले, तरी कोट मशीनमध्ये घालू नये. आत काय घातले आहे हे मोबाइलला दिसत नाही. ज्याने शिवले त्याला ते ठाऊक असते. आमच्या मते दहा व्हिडिओंपेक्षा मास्टरला विचारलेला एक प्रश्न बरा.

जुन्या पेट्यांची गोष्ट वेगळी. निलंगा तालुका हैदराबाद राज्यात बीदर जिल्ह्यात होता, १९५६ पर्यंत. त्या काळची आजोबांची लोकरी शेरवानी अजून कुणाच्या घरी असेल, तर तिला कसरीचा धोका खराच आहे. ती ब्रशने झाडावी, वर्षातून दोन-तीनदा सावलीत वारा द्यावा, आणि घामाचा किंवा बिर्याणीचा डाग तसाच ठेवून पेटीत घालू नये. लाँड्रीची प्लॅस्टिकची पिशवी काढून सुती चादरीत गुंडाळावी. पावसाळ्यात प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडते.

न्हाणीघरात गरम पाणी सोडून वाफेवर सूट टांगण्याचा सल्ला तर वाचूनच हसू येते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते! ओल्या मलमलीवरून मंद इस्त्री फिरवली की सुरकुत्या जातात आणि कापडाला चकाकीही येत नाही. अत्तर तेलाचे असते, ते कापडावर नको, मनगटाला लावावे. आणि डाग काढायला घरात पेट्रोल आणूच नये. त्याची वाफ जमिनीलगत पसरत चुलीपर्यंत पोचते.

आम्हाला खरी काळजी वाटते ती डांबराच्या गोळ्यांची. यातल्या नॅफ्थलीनची वाफ कपड्यांत मुरते. काही मुलांच्या, विशेषतः मुलग्यांच्या, रक्तात जी-६-पीडी नावाचे विकर जन्मतः कमी असते. अशा बाळाला या कपड्यांत गुंडाळले तर तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ इतकी चढू शकते की मेंदूला इजा होते. घरोघरी पेटी एकच असते: वर शेरवानी, खाली पुढच्या बाळासाठी जपलेली दुपटी. कापूर 'नैसर्गिक' म्हणून सुचवला जातो, पण अशा बाळाला तोही चालत नाही, आणि लहान मुलाने गिळला तर झटके येऊ शकतात.

बाळाचे कपडे त्या पेटीतून आजच बाहेर काढावेत, धुऊन कडक उन्हात वाळवावेत. बाळाचे डोळे पिवळे दिसले, अंग फिके पडले किंवा लघवी चहासारखी गडद झाली, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे, आणि कपडे गोळ्यांत ठेवलेले होते हे डॉक्टरांना सांगावे. विचारले नाही तरी सांगावे.