फोटो कुणी काढला?

मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या पापड-कुरडयांच्या स्टॉलचा फोटो पेपरात छापून आला. सगळ्याजणी खूश. पण आमच्या एका ताईंची लेक मात्र गप्प बसून होती. ती तालुक्याला फोटोग्राफीचा कोर्स करते. फोटो तिनंच काढला होता, पण खाली नाव आलं तिच्या भावाचं, कारण फोटो त्याच्या नंबरवरून पाठवला होता.

आई म्हणाली, "जाऊ दे गं, नाव घरातलंच आहे ना!"

पोरगी म्हणाली, "सातबाऱ्यावरचं नावही घरातलंच असतं. मग तुम्ही गटात त्यावर एवढं का बोलता?"

आम्हाला कुणालाच उत्तर सुचेना. मग तिनं आम्हाला होमाई व्यारावाला यांची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हाला सांगते.

होमाईंचा जन्म १९१३ सालचा, गुजरातमधल्या नवसारीचा, पारशी कुटुंबातला. वडील फिरत्या नाटक कंपनीत काम करायचे, त्यामुळे लहानपण गावोगाव फिरण्यात गेलं. पुढं कुटुंब मुंबईला आलं. घरची परिस्थिती बेताची होती. तरी त्या शिकल्या आणि जे. जे. कला शाळेत दाखल झाल्या. फोटो काढायला त्यांना शिकवलं माणेकशॉ व्यारावाला यांनी, ज्यांच्याशी पुढं त्यांचं लग्न झालं. सुरुवातीला कॅमेराही त्यांचाच.

होमाईंनी पहिले फोटो कुणा मोठ्या माणसाचे काढले नाहीत. बायकांच्या एका क्लबची सहल निघाली होती, तिचे फोटो काढले. ते वर्तमानपत्रात छापून आले आणि एका फोटोला एक रुपया मिळाला. वर्गमैत्रिणी, मुंबईचे रस्ते, कामाला लागलेल्या बायका, असं रोजचं जगणं त्या टिपत गेल्या. पण एका मोठ्या साप्ताहिकात त्यांचे फोटो यायला लागले, तेव्हा खाली नाव असायचं नवऱ्याचं. बाईचं, तेही अनोळखी नाव कोण मानणार, असा तो काळ होता.

पुढं त्यांनी 'डालडा १३' असं टोपणनाव घेतलं. जन्मसाल १९१३, माणेकशॉंची ओळख झाली तेराव्या वर्षी आणि गाडीचा नंबर डीएलडी १३. त्यावरून हे नाव.

१९४२ मध्ये दोघं दिल्लीला गेले. होमाई साडी नेसून, जड कॅमेरा घेऊन सायकलवरून कामाला जायच्या. बाई कॅमेरा घेऊन आली म्हटल्यावर लोक तिला फारसं मनावर घेत नसत. त्याचाच फायदा घेऊन त्या जवळ जाऊन फोटो काढत. फाळणीच्या निर्णयावर हात वर करून मत देणारे पुढारी, १६ ऑगस्ट १९४७ ला लाल किल्ल्यावर फडकलेला तिरंगा, गांधीजींची अंत्ययात्रा, हे सगळं त्यांनी टिपलं. आज त्यांना भारतातली पहिली महिला वृत्तछायाचित्रकार म्हणतात. १९७० मध्ये त्यांनी हे काम थांबवलं. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं आणि जानेवारी २०१२ मध्ये बडोद्याला त्या वारल्या.

आमच्या पोरीला अशाच फोटोंचं वेड आहे. त्याला डॉक्युमेंटरी फोटोग्राफी म्हणतात. लग्नात आपण नटूनथटून, कॅमेऱ्याकडे बघून उभ्या राहतो. इथं तसं नसतं. माणसं जशी जगतात, राबतात, भांडतात, हसतात, तसं टिपून ठेवायचं. पन्नास वर्षांनी कुणी विचारलं, की या गावात बायका काय करत होत्या, तर तो फोटो पुरावा म्हणून दाखवता आला पाहिजे.

हे काम आपल्या गटालाही जमेल. मोबाईल पुरतो. तिनं आम्हाला शिकवलेल्या गोष्टी अशा:

पहिली, आधी विचारा. कुणी नको म्हणालं, तर काढायचा नाही.

दुसरी, "सगळ्यांनी इकडे बघा" म्हणू नका. कांदा लावताना, हिशेब लिहिताना, काम चालू असतानाच काढा. उजेड फोटो काढणारीच्या पाठीमागून येऊ द्या.

तिसरी, त्याच दिवशी वहीत लिहा. तारीख, गाव, काय काम, फोटोत कोण कोण आणि फोटो काढला कुणी. नुसतं 'गटातील महिला' लिहू नका. शेवंताबाईला शेवंताबाईच म्हणा.

चौथी, व्हॉट्सॲपवर साधा पाठवला, की फोटो बारीक होतो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा आणि एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा.

आणखी एक गोष्ट मला नव्यानं कळली. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारी व्यक्ती. मोबाईल कुणाचा, सिमकार्ड कुणाच्या नावावर, याचा त्याच्याशी संबंध नाही.

आम्ही पेपरवाल्यांना फोन केला. "पुढच्या वेळी बघू," म्हणाले. दुरुस्ती काही छापली नाही. मग पुढच्या बैठकीत आम्ही ठराव वहीत लिहिलं, की गटाचा कोणताही फोटो बाहेर जाईल, तो काढणारीच्या नावासकट जाईल. ठरावाला सूचक झाली तिची आईच. सही करताना म्हणाली, "मीसुद्धा चाळीस वर्षं शेतात राबतेय, माझाही एक फोटो काढ."

पोरीनं दुसऱ्या दिवशी बांधावर जाऊन फोटो काढला. आई वाकून खुरपतेय, तोंड दिसत नाही, हात दिसतात. खाली दोघींची नावं लिहिली आहेत. तो फोटो आता आमच्या बैठकीच्या खोलीत लावलाय.

तुमच्या गटाचे जुने फोटो काढून बघा बरं. त्यातल्या किती जणींची नावं कुठं लिहिलेली आहेत? ज्यांना माहीत आहेत, त्या म्हाताऱ्या बायकांना आजच विचारून घ्या.