नवीन खाद्यपदार्थांचे सुरक्षा मूल्यमापन

एखाद्या प्रदेशात पूर्वी फारसा न खाल्ला गेलेला पदार्थ बाजारात येण्याआधी त्याची जी शास्त्रीय तपासणी होते, तिला नवीन खाद्यपदार्थांचे सुरक्षा मूल्यमापन म्हणतात. युरोपीय संघात १५ मे १९९७ पूर्वी लक्षणीय प्रमाणात सेवन न झालेले पदार्थ ‘नवीन’ मानले जातात. इटलीतील पार्मा येथील युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरण त्यांचे मूल्यमापन करते. परवानगी युरोपीय आयोग देतो.

निकष

घटकरचना, उत्पादनप्रक्रिया, सेवनाचा इतिहास, अपेक्षित दैनिक मात्रा, विषारीपणा, पोषणमूल्य व ॲलर्जीची शक्यता यांचा विचार होतो. २०२१ मध्ये वाळवलेल्या पिवळ्या मीलवर्म अळ्यांना मान्यता मिळाली. मात्र कोळंबी, खेकडे किंवा धुळीतील सूक्ष्म किडी यांची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी वेष्टनावर सूचना बंधनकारक झाली.

पूरक आहार

नैसर्गिक घटक प्रत्येक मात्रेत निर्धोक असतोच असे नाही. बीटा-कॅरोटीन गाजरात असते. तथापि, फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना ते गोळ्यांतून रोज २० मिलिग्रॅम दिले असता फुफ्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण घटण्याऐवजी वाढल्याचे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. म्हणून मूल्यमापनात पदार्थाइतकेच त्याची मात्रा व तो घेणारी व्यक्ती यांनाही महत्त्व असते.